हेल्मेट मोठं घेतलं म्हणून ते बसतंच असं नाही

प्रश्न: गेल्या वर्षी पहिल्यांदा स्कीइंग केलं. भाड्याने मिळालेलं मीडियम हेल्मेट तासाभरात कपाळात असं रुतायला लागलं की दुपारनंतर मी ते काढून सरळ हातात धरलं. कानांच्या वर मात्र त्यात बोट जाईल इतकी जागा होती. म्हणून यंदा स्वतःचं घेतलं, मुद्दाम लार्ज. माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर भरतो. आता दुखत नाही, पण मागची डायल पूर्ण आवळूनही खाली वाकलं की हेल्मेट गॉगलवर येतं. नवरा म्हणतो, आत लोकरीची टोपी घाल, म्हणजे नीट बसेल आणि थंडीही वाजणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीलाही हेल्मेट हवंय. दोन-तीन मोसम पुरेल असं जरा मोठं घ्यावं का? की बहिणीच्या मुलाचं जुनं पडून आहे ते चालेल? पुढच्या महिन्यात निघतोय.
— कपाळ धरून बसलेली

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: कानांच्या वर बोट जाईल इतकी जागा होती. कपाळ दुखतंय आणि बाजूला मोकळं आहे, याचा अर्थ हेल्मेट लहान नव्हतं, त्याचा आकार तुमच्या डोक्याचा नव्हता. वरून पाहिलं तर काही डोकी गोलसर असतात, काही पुढून मागे लांबट. तुमचं लांबट असावं आणि ते भाड्याचं हेल्मेट आतून गोल असावं. लांबट डोकं गोल पोकळीत घातलं की दोनच ठिकाणी टेकतं, कपाळाला आणि मागे. सगळा दाब तेवढ्याच जागेवर पडतो आणि बाजू रिकाम्या राहतात. गोल डोकं लांबट हेल्मेटमध्ये गेलं तर नेमकं उलटं होतं, कानशिलं ठणकतात आणि कपाळापुढे पोकळी राहते.

खात्री करायची असेल तर केस ओले करून चापून बसवा आणि घरातल्या कुणाला तरी वरून, अगदी टाळूच्या सरळ रेषेत, फोटो काढायला सांगा. दहा सेकंदांत कळेल. दुकानात उभं राहून आरशात समोरून बघताना हे कधीच कळत नाही, आणि बहुतेक जण तेवढंच बघतात.

आता लार्जचं. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात मीडियम साधारण ५५ ते ५९ सेंटिमीटर असतं आणि लार्ज ५९ ते ६३. म्हणजे तुमचं डोकं लार्जच्या खालच्या टोकापेक्षाही तीन सेंटिमीटरने कमी. कपाळ दुखायचं थांबलं कारण पुढून मागे जागा झाली, पण बाजूंची मूळची पोकळी आणखी वाढली. डायल काय करते, तर मागचा पाळणा, म्हणजे डोक्याला मागून धरणारी पट्टी, पुढे ओढते आणि डोकं कपाळाच्या बाजूला ढकलते. बाजूंना ती फारशी मदत करत नाही. त्यात ती शेवटच्या खाचेपर्यंत फिरवावी लागत असेल, तर ते हेल्मेट तुमचं नाही. डायल बारीक फरक मिटवायला दिलेली असते, साइजचा घोळ निस्तरायला नाही.

हे मी नुसतं गैरसोयीबद्दल म्हणत नाही. कवचाखालचा जाड थर बहुतेक हेल्मेटांत थर्माकोलचा असतो, खोक्यातल्यापेक्षा बराच घट्ट. आदळताना तो चेपला जातो आणि चेपता चेपता धक्का खातो, म्हणजे डोकं एका झटक्यात न थांबता थोड्या अंतरात थांबतं. हे व्हायचं तर डोकं आधीपासून त्या थराला लागून हवं. मध्ये पोकळी असली तर हेल्मेट बर्फावर थांबतं, पण आतलं डोकं अजून पुढे येत असतं. आणि घसरतं हेल्मेट पडायच्या क्षणी कुठल्या दिशेला गेलेलं असेल याचा काहीच भरवसा नाही. ते मागे सरकलेलं असलं तर कपाळ उघडंच.

तेव्हा बदलून मिळत असेल तर लगेच बदला. कागद, चिठ्ठ्या, खोकं सगळं जपून ठेवा आणि तोवर ते घालून बर्फावर जाऊ नका. नवीन घेताना मीडियमवर या, पण दुसऱ्या कंपनीचं बघा. प्रत्येक कंपनीचा आतला साचा वेगळा असतो. एकाच मीडियममध्ये कुणाचं लांबट, कुणाचं गोल, आणि ते खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. काही कंपन्या ‘एशियन फिट’ नावाने वेगळी हेल्मेट काढतात. ती गोल आणि रुंद डोक्यांसाठी असतात. आपण आशियातले म्हणून तेच घ्यावं असं वाटेल, पण तुमच्या डोक्याला ते बहुधा जुना त्रास परत देईल. दोन साइजच्या सीमेवर असाल आणि दोन्ही सारखीच बरी वाटत असतील तर लहान घ्या. आतलं पॅडिंग वापराने थोडं दबतं.

घेर एकदा परत मोजा. कपड्याची मऊ टेप घ्या. पुढून भुवयांच्या वर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, बाजूने कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात जास्त बाहेर येतो त्यावरून ती न्या. टेप मागे खाली घसरली की आकडा चुकतो. तीनदा मोजा आणि मोठा आकडा धरा. घरात लोखंडी टेपच असेल तर दोरीने मोजून दोरी टेपवर धरा.

घालून बघताना बहुतेक जण आधी पट्टा लावतात आणि मग डायल फिरवतात. तिथेच फसायला होतं, कारण पट्टा लावला की काहीही डोक्यावर राहतं. क्रम उलटा ठेवा. डायल पूर्ण सैल करा, पट्टा सुटा ठेवा आणि केस मानेजवळ खाली बांधा. अंबाडा नको, वर बांधलेली पोनीटेल नको, क्लिप नको. कानांजवळचे दोन्ही पट्टे हातांनी बाहेर ताणून आधी कपाळ आत घाला, मग मागची बाजू खाली आणा. हेल्मेट सपाट बसलं पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटं. मागे कललेलं हेल्मेट फोटोत ऐटदार दिसतं आणि कपाळ मोकळं सोडतं.

आता काहीही न आवळता हळूच मान हलवा. या वेळीच हेल्मेट बऱ्यापैकी जागेवर राहायला हवं. कपाळ, दोन्ही बाजू, मागे, सगळीकडे सारखा हलका स्पर्श जाणवला पाहिजे. कुठे एका बिंदूवर टोचतंय का आणि कुठे पोकळ आहे का, हे डोळे मिटून शोधा. बाजूने करंगळी सहज आत जात असेल तर ते परत ठेवून द्या, तुमची गोष्ट पुन्हा तीच होणार. हे पार पडलं तरच डायल. डोक्याला घट्ट मिठी बसल्यासारखं वाटेपर्यंत फिरवा, त्यापुढे नको.

एक गोष्ट मला फार कमी लोकांना माहीत असलेली दिसते. डायल ज्या पाळण्याला लावलेली असते तो पाळणा बऱ्याच हेल्मेटांत वर-खाली सरकवता येतो. आत मागच्या बाजूला दोन-तीन खाचा किंवा बटणं असतात. डोक्याच्या मागे खाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली पाळणा गेला पाहिजे. उंचवट्यावरच बसला तर डायल आवळली की तो वर सरकतो, हेल्मेट पुढे ढकलतो आणि कड गॉगलवर येते. तुमच्या लार्जमध्ये साइजबरोबर हेही घडत असेल. साध्या सैल हेल्मेटला लोक नावं ठेवतात, तेव्हा अर्ध्या वेळा पाळणा कारखान्यातून आला तसाच असतो.

मग कपाळाची कातडी बघा. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून सावकाश डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. भुवया आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली जायला हवी. हेल्मेट कातडीवरून सरकत असेल तर ते सैल आहे. इथे एक सावधगिरी: हेल्मेटमध्ये ‘मिप्स’ असेल तर आत एक पातळ, बहुधा पिवळा, सरकता थर दिसेल. तिरका मार बसला तर डोक्याला पीळ कमी बसावा म्हणून स्वीडनमध्ये हा प्रकार निघाला. त्यात कवच सगळ्या दिशांना १० ते १५ मिलिमीटर सरकू शकतं. ती हालचाल सैलपणा नव्हे, ती असायलाच हवी. अशा वेळी कवचाकडे लक्ष न देता आतला पाळणा आणि पॅड डोक्याला धरून आहेत का तेवढं बघा.

आता पट्टा. बकल लावल्यावर पट्टा हनुवटीच्या टोकावर नको, तिच्या मागे, गळ्याच्या जवळ हवा. पट्टा आणि कातडीत एक बोट जाईल इतकीच जागा ठेवा. मोठी जांभई द्या. तोंड पूर्ण उघडलं की हेल्मेट डोक्यावर खाली दाबलं गेलेलं कळलं पाहिजे. कानांजवळ पुढचा आणि मागचा पट्टा जिथे एकत्र येतात ती जागा कानाच्या पाळीच्या खाली असू द्या. शेवटी मागच्या कडेला तळहात लावून हेल्मेट वर आणि पुढे ढकला, नंतर पुढच्या कडेवरून मागे ढकला. डोळ्यांवर आलं किंवा कपाळ उघडं पडलं तर पट्टा किंवा पाळणा, दोन्हींपैकी काहीतरी परत बघायला हवं. ही ढकलाढकली जोर लावून करा. बर्फ काही हळुवार ढकलत नाही.

गॉगल घरी असेल तर तो दुकानात बरोबर न्याच. गॉगलची वरची कड आणि हेल्मेटची पुढची कड एकमेकींना लागून हव्यात. मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर उतारावरच्या वाऱ्याने ती बधिर होते. उलट हेल्मेट गॉगलवर बसलं तर गॉगल नाकावर दाबला जातो, श्वास कोंडतो आणि काचेवर वाफ धरते. बऱ्याच हेल्मेटांच्या पुढच्या कडेला बारीक झरोके असतात, गॉगलमधली दमट हवा वर निघून जायला. ते झाकले जात नाहीत ना, हेही बघा. गॉगलचा पट्टा हेल्मेटच्या बाहेरून, मागच्या क्लिपमध्ये अडकवून. काही जण पट्टा आतून घेतात. तसं केलं की कानाच्या वर आणि मागे एक उंचवटा तयार होतो आणि तासाभरात डोकं ठणकू लागतं. गेल्या वर्षी तुम्ही तसं केलं होतं का, जरा आठवून बघा. चष्मा असेल तर काड्या कानाच्या पॅडखाली दबतात, तेव्हा चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्या आणि सगळं एकदमच घालून बघा.

यजमानांच्या लोकरी टोपीला माझा नकार आहे. सैल हेल्मेट जाड टोपीने भरून काढलं तर आरशापुढे ते घट्ट वाटतं. पण लोकर दबते, सरकते, ओली होते आणि कुठे जाड, कुठे पातळ राहते. पडताना पहिला धक्का ती दाबण्यातच जातो आणि तेवढ्यात हेल्मेट फिरलेलं असतं. टोपीची शिवण किंवा वरचा गोंडा डोक्यात रुततो तो वेगळाच. स्की हेल्मेटला आतून अस्तर आणि कानांना पॅड असतात, त्यात डोकं पुरेसं उबदार राहतं. बऱ्याचदा घामच येतो, म्हणून वरचे झरोके उघड-बंद करायची सोय असते. कडाक्याची थंडी असेल तर हेल्मेटखाली घालायची पातळ, अंगाबरोबर बसणारी टोपी किंवा तसलीच पातळ माकडटोपी मिळते. ती घालणार असाल तर हेल्मेट बघतानाही डोक्यावर असू द्या आणि दर वेळी डायल, पट्टा तिच्यासकट जुळवा.

नवीन हेल्मेट घरात पंधरा-वीस मिनिटं घालून वावरा. स्वयंपाकघरात जा, बुटाचे बंद बांधा, जिना उतरा. काढल्यावर कपाळावर सगळीकडे फिकट गुलाबी छटा दिसली तर हरकत नाही. एकाच जागी लाल वळ, किंवा डोक्याच्या एका बिंदूवर दुखणं असेल तर ते वापरून ‘सैलावेल’ असं समजून थांबू नका. मऊ पॅड सैलावतात, थर्माकोलचा साचा सैलावत नाही.

कारण शेवटी दुखणारं हेल्मेट डोक्यावर राहत नाही. तुम्ही काढून हातात घेतलंतच. २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला होता. हातातल्या हेल्मेटला त्यात जागा नाही. काही ठिकाणी आता हेल्मेट कायद्याचाही भाग झालंय. इटलीत १ नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्या वयांच्या लोकांना उतारावर हेल्मेट सक्तीचं आहे. तरी त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. युरोपच्या ‘ईएन १०७७’ मानकात हेल्मेट दीड मीटरवरून आपटून तपासतात, म्हणजे आदळतानाचा वेग ताशी जेमतेम वीस किलोमीटर. उतारावर नवशिकेही याच्या पुढे सहज जातात. आतल्या लेबलवर हे मानक, किंवा अमेरिकेचं ‘एएसटीएम एफ २०४०’, छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. ‘ईएन’मध्ये अ आणि ब असे दोन वर्ग आहेत. अ वर्गात कानांवरही कडक कवच येतं, ब वर्गात कानांना मऊ पॅड असतात, हलकं असतं आणि ऐकूही बरं येतं. तुम्हाला ब पुरेल. सायकलचं हेल्मेट चालेल का, असं कुणी विचारलंच तर त्याचं मानक वेगळं आहे. दोन्ही छापलेली असतील तरच चालेल.

मुलीला मोठं घेऊ नका. बूट एक नंबर मोठे घेतले तर फार तर ती अडखळेल, इथे तसं नाही. शिवाय नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं उंचीच्या वेगाने वाढत नाही. आज डायल मधल्या कुठेतरी ठेवून नीट बसणारं हेल्मेट घेतलंत, तर पुढच्या मोसमांची वाढ डायलच सांभाळून घेईल. वजनाकडे मात्र लक्ष द्या. कवच जड असलं की दुपारपर्यंत मुलांची मान दुखते आणि ती ते सांगत नाहीत, नुसती कुरकुर करतात. ‘बसतंय का ग?’ असं विचारलंत तर हो म्हणेल, खास करून रंग आवडला असेल तर. त्याऐवजी कुठे टेकतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. वेण्या दोन, खाली, सैल. बकलमध्ये गळ्याची कातडी एकदा चिमटली की मूल पुन्हा पट्टा लावू देत नाही. चुंबकाने आपोआप बसणारं बकल मिळालं तर बघा, हातमोज्यांसकट तिला स्वतः लावता येतं. रोज सकाळी डायल आणि पट्टा तुम्हीच तपासा. टोपी आज आहे, उद्या नाही, केस वेगळे बांधलेत, एवढ्यानेही फरक पडतो.

बहिणीच्या मुलाच्या हेल्मेटबद्दल बहिणीला एकच विचारा: हे घालून तो कधी जोरात आपटला होता का? उत्तर हो असेल किंवा ‘कुणास ठाऊक’ असेल तर नको. बाहेरून धड दिसणाऱ्या हेल्मेटमधला थर्माकोल आत चेपलेला असू शकतो, आणि एकदा चेपला की तो परत फुगत नाही. नक्की नाही म्हणाली तर आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख बघा. बहुतेक कंपन्या काही वर्षांनी, साधारण तीन ते पाच, हेल्मेट बदलायला सांगतात. अस्तर काढून थर्माकोलवर चीर किंवा खड्डा आहे का ते पाहा, पट्ट्याची शिवण आणि बकल ओढून बघा. स्टिकर चिकटवून किंवा रंग देऊन नटवलेलं असेल तर सोडून द्या. काही गोंद आणि रंगांतली द्रावणं प्लास्टिक खातात. आणि एवढं सगळं जमूनही मुलीच्या डोक्याचा आकार भाच्यासारखाच हवा, हे आहेच.

प्रवासात हेल्मेटं मोठ्या सामानात खाली दडपू नका आणि बॅगेला बाहेरून लटकवूही नका. हातातल्या बॅगेत ठेवा, पोकळीत मोजे भरा. बर्फावरून परत आल्यावर अस्तर ओलं असेल तर हवेशीर जागी वाळू द्या. हीटरवर किंवा उन्हात तापलेल्या गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवू नका. आणि जोरात पडलात, हेल्मेट आपटलं, तर त्या दिवशी बरं वाटत असलं तरी ते हेल्मेट तिथेच बाद करा. डोकं गरगरलं, मळमळलं, समोरचं दोन दिसायला लागलं तर उतारावरून खाली येऊन आधी डॉक्टरांकडे जा.